आठव्यात झालं म्हणून दमा लागला का?

मागच्या अंकात बाळदम्यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांची नुसती रांग लागली, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत दम्याबद्दल कमी आणि बाळंतपणाबद्दलच जास्त लिहिलंय. माझ्या पोटात असताना काही चुकलं का, हा एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यावरच. नावं छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. माझं बीपी खूप वाढलं होतं, अंगावर सूज, लघवीतून प्रोटीन जात होतं, म्हणून ३३व्या आठवड्यात तातडीने सीझर केलं. त्याआधी बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून मला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. वजन १ किलो ७०० ग्रॅम. चार दिवस नाकात नळी घालून प्रेशरने हवा, दोन दिवस काविळीच्या लाइटखाली, सगळे मिळून १८ दिवस काचेच्या पेटीत होता. आता दर सर्दीला छाती घरघरते, रात्री खोकून खोकून उलटी करतो, वर्षात तीनदा वाफ द्यायला दवाखान्यात पळालो. सासूबाई म्हणतात सातव्यातलं पोर जगतं, आठव्यातलं कायमचं दुबळं निघतं, आणि तू शेवटपर्यंत स्कूटी चालवलीस, शाळेत उभं राहून शिकवलंस म्हणून आठव्यात झालं, वर ती स्टेरॉइडची इंजेक्शनं. खरंच माझ्यामुळे झालं का? (एक आई, सांगली)

उत्तर: ताई, पहिल्यांदा ती स्कूटी बाजूला लावू. स्कूटीने हे बीपी वाढत नाही. गरोदरपणातलं हे बीपी सुरू होतं वारेपासून, म्हणजे वार गर्भाशयात रुजते तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या जेवढ्या रुंदावायला हव्यात तेवढ्या रुंदावत नाहीत, आणि हे सगळं पहिल्या चार-साडेचार महिन्यांत होऊन गेलेलं असतं, तुम्हाला ना काही दुखतं ना कळतं, आणि त्याचं बिल येतं सातव्या-आठव्या महिन्यात. तुमचं बाळ लवकर काढलं ते बीपीमुळे, तुम्हाला कळा लागल्या म्हणून नाही. तेव्हा फळ्यासमोर उभं राहण्याचा इथे काही संबंध येत नाही.

आणि ते आठव्यातलं पोर! ही समजूत नुसती आपलीच आहे असंही नाही, दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रीक वैद्यांच्या ग्रंथातही हेच लिहून ठेवलंय की सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं नाही. चूक तिथेही आणि इथेही. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो, ३३चं बाळ ३०च्या बाळापेक्षा बळकट असतं, इतकं साधं आहे ते.

आता खरं काय ते. लवकर जन्माला येणं आणि पुढे छाती घरघरणं यांचा संबंध आहे, ते मी नाकारणार नाही, उलट गरोदरपणातल्या आणि जन्माच्या वेळच्या सगळ्या भानगडींत सगळ्यात भक्कम पुरावा याच एका गोष्टीचा आहे. कारण कळायला फुप्फुस कसं तयार होतं ते बघा. श्वासनळ्यांच्या फांद्या फुटायचं काम चौथ्या महिन्याच्या आसपास जवळजवळ आटोपतं. पण हवेचे बारीक फुगे, ज्यांच्यातून ऑक्सिजन रक्तात जातो, ते खरे तयार व्हायला लागतात शेवटच्या एक-दोन महिन्यांत आणि पुढे जन्मानंतर काही वर्षं होतच राहतात. त्या फुग्यांना आतून साबणाच्या पाण्यासारखा एक थर लागतो, सर्फॅक्टंट म्हणतात त्याला, नाहीतर प्रत्येक श्वासाला फुगे आतून चिकटतात. हा थर पुरेसा व्हायला साधारण ३४-३५ आठवडे जावे लागतात. म्हणजे ३३व्या आठवड्यात बाळ बाहेर आलं तर घर बांधून झालंय पण प्लास्टर ओलं आहे, आणि त्यातच पाहुणे आले. पुढचं बांधकाम हवेत, ऑक्सिजनवर, सर्दीचे व्हायरस झेलत होतं, आणि श्वासनळ्या थोड्या अरुंद, थोड्या चिडक्या राहतात.

किती थोड्या? २०१४ साली जगभरातल्या साधारण १५ लाख मुलांचे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला. पूर्ण दिवसांच्या १०० मुलांत साधारण ८ जणांना दमा किंवा घरघर, आणि ३७ आठवड्यांच्या आधी झालेल्या १०० मुलांत साधारण १४ जणांना. ३२ आठवड्यांच्याही आधीची असतील तर धोका जवळपास तिप्पट. व्हॉट्सॲपवर हेच 'धोका पावणेदोन पट' म्हणून फिरतं आणि आईची झोप उडते. पण १०० पैकी १४ म्हणजे ८६ पोरं लवकर होऊनही नीट श्वास घेतायत, आणि पूर्ण दिवस भरून झालेल्या ८ जणांना दमा आहेच की, त्यांच्या आयांनी काय केलं होतं?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनांबद्दल सासूबाईंना ही गोष्ट सांगा. १९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेचौतीस आठवड्यांचा, वजन साधारण २ किलो १०० ग्रॅम, म्हणजे तुमच्या पोरापेक्षा मोठाच. अख्ख्या अमेरिकेतले डॉक्टर हाताशी, तरी ३९ तासांत गेला, कारण तोच थर कमी पडला, आणि तेव्हा त्यावर काही इलाजच नव्हता. थर नसतो म्हणून ही बाळं जातात हे मेरी एलन एव्हरी नावाच्या डॉक्टरबाईंनी चारच वर्षं आधी, १९५९ला दाखवलं होतं, पण करायचं काय ते कुणाला माहीत नव्हतं. मग न्यूझीलंडमध्ये लिगिन्स यांनी आधी मेंढ्यांवर आणि मग हॉवी यांच्याबरोबर गरोदर बायकांवर प्रयोग करून १९७२ला दाखवून दिलं की कळा लवकर आल्या तर आईला स्टेरॉइड द्यायचं, बाळाची फुप्फुसं भराभर पिकतात. तुम्हाला दिलेली इंजेक्शनं तीच. तुमचा मुलगा प्रेशरच्या नळीवर चारच दिवस राहिला आणि व्हेंटिलेटरवर जावं लागलं नाही, त्यात त्या इंजेक्शनांचा मोठा वाटा असणार. दमा त्यांनी दिलेला नाही.

बाकी बीपीचं आणि काविळीचं पटकन सांगते. आईच्या बीपीचा आणि मुलाच्या दम्याचा थेट संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही, दिसला तरी बारीकसा, त्याचा मुख्य मार्ग लवकर जन्म आणि कमी वजन हाच. लाइटखाली ठेवलेल्या बाळांत पुढे दमा थोडा जास्त असं स्वीडनच्या नोंदींत आलंय, पण लाइट न देता कावीळ डोक्यात चढू देणं हा काही पर्याय नाही ना, आणि दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळांनाच कावीळ जास्त होते, तेव्हा दोष नक्की कुणाचा हे सुटं करणं अवघड.

मला सांगायची आहे ती गोष्ट दुसरीच. अमेरिकेत टूसॉन नावाच्या गावात १९८० पासून जन्मलेल्या १२४६ बाळांच्या छातीवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. पहिल्या तीन वर्षांत ज्या पोरांची छाती वाजली त्यांच्यातली १०० पैकी साधारण ६० सहा वर्षांची होईपर्यंत बरी झाली होती. त्यांच्या नळ्या जन्मतःच अरुंद होत्या, कुठलंही दुखणं व्हायच्या आधीच अरुंद होत्या असं मोजून दिसलं, पोर वाढलं तशा त्या रुंद झाल्या. तुमच्या मुलाचं असंच होईल असं मी लिहून देणार नाही, पण त्याला स्वतःला अंगावर खाज-एक्झिमा नसेल, तुम्हा दोघांपैकी कुणाला दमा नसेल आणि दोन सर्दींच्या मधल्या काळात तो खेळतो-झोपतो नीट असेल तर माझं मन त्या बाजूला झुकतं. हसल्यावर, पळाल्यावर, रात्री सर्दी नसतानाही खोकला येत असेल तर ते जरा वेगळं, मग रोजचा कमी डोसचा इनहेलर लागतो आणि तो घ्यावाच. फुंकर मारायची टेस्ट पाच-सहा वर्षांची पोरं झाल्याशिवाय नीट जमत नाही, तोवर डॉक्टर तुमच्या सांगण्यावरच चालतात, त्यामुळे खोकताना, श्वास घेताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, शंभर शब्दांपेक्षा तो कामाचा.

आणि एक, डिलिव्हरीचं डिस्चार्ज कार्ड. दर डॉक्टरला ते दाखवा. ३३ आठवड्यांचं बाळ, ऑक्सिजन लागलेला, हे कळलं की विचार बदलतो, कारण लवकर जन्मलेल्यांची घरघर नेहमीच ॲलर्जीच्या दम्यासारखी नसते आणि कधीकधी नेहमीच्या औषधाला ती तेवढी दाद देत नाही. मी स्वतः एका पोराला वर्षभर औषधं वाढवत गेले होते आणि मग आजोबा सहज म्हणाले की हा सहाव्यात झालेला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. हे पहिल्या दिवशी विचारायचं मीच विसरले होते.

बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, पोट उडतंय, दोन शब्दांवर श्वास अडकतोय, ओठ निळसर वाटतायत, तर वाफेचं मशीन घरी असलं तरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

प्रश्न: माझी नात दोन महिन्यांची आहे, वजन जन्मतः सव्वादोन किलो होतं. तुमच्या मागच्या लेखानंतर सुनेने बाळाची धुरी बंद केली. मी सहा पोरं धुरीवर वाढवली, ओवा, वावडिंग, लसणाची सालं, एकालाही दमा नाही. आणि सुनेच्या डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या की घरात मिश्री कोण लावतं, मी लावते, सूनही माहेरापासून लावते, पोटुशी असतानाही लावायची. मिश्री दातांना लावतात, त्याचा पोराच्या छातीशी काय संबंध? (आजी, बार्शी)

उत्तर: आजी, नमस्कार. तुमची सहा पोरं ठणठणीत आहेत हे ऐकून बरं वाटलं, पण त्या काळी तुमच्या गल्लीतली किती पोरं छाती भरून गेली तेही आठवून बघा, तेव्हा त्याला दमा कुणी म्हणत नव्हतं, 'डबा झाला' म्हणायचे.

धुरीमागचं कारण मला कळतं. बाळ न्हाऊन आलं की ऊब मिळावी, जावळ सुकावं, घरात वास चांगला यावा. ऊब हवीच, सव्वादोन किलोच्या बाळाला तर फारच हवी. पण ऊब आणि धूर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे एका शेगडीत त्या एकत्र आल्या एवढंच. आजी, मोठ्या माणसाच्या मानाने बाळ एका मिनिटात दुप्पट-तिप्पट वेळा श्वास घेतं, खोलीची दारं लावलेली, निखारे खाली आणि बाळ धरलेलं वर, म्हणजे चुलीचा धूर तुम्ही बाळाच्या नाकाला वाटीने पाजावा तसं ते होतं. ओवा कापडात बांधून तव्यावर गरम करा, हाताच्या उलट्या बाजूला लावून बघा आणि बाळाच्या आसपास ठेवा, वास येतो, धूर येत नाही. मऊ पंचा, टोपी, आणि आईच्या छातीशी उघडं धरून वरून शाल, ही सगळ्यात चांगली ऊब. तेच नियम मच्छरच्या कॉइलला, उदबत्तीला, आणि अंगणात बिडी ओढून लगेच बाळाला घेणाऱ्या आजोबांना पण.

मिश्रीचं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, तिथून वारेतून बाळापर्यंत. मुंबईतच १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झालाय, २००४ला छापून आला, मिश्री किंवा दुसऱ्या कुठल्याही रूपात तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी झालेली होती. १०५ ग्रॅम ऐकायला काही नाही, पण सव्वादोन किलोच्या बाळाला तेवढं वजन म्हणजे बरंच. आणि वरच्या सांगलीच्या ताईंना मी जे सांगितलं, लवकर जन्म आणि कमी वजन, तिथेच आपण परत आलो. तुमच्या सुनेला मी दोष देत नाहीये, तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता मात्र सोडा, दोघी एकत्र सोडलीत तर जास्त सोपं जातं, पहिले चार-पाच दिवस डोकं दुखेल, बडीशेप-लवंग तोंडात धरा. पुढच्या नातवंडासाठी हीच एक गोष्ट आहे जी खरंच तुमच्या हातात आहे, बाकीचं बरंचसं नाही.

प्रश्न: मला लहानपणापासून दमा आहे, आता पाचवा महिना चालू आहे. बाळाला स्टेरॉइड जाऊ नये म्हणून मी दुसऱ्या महिन्यातच इनहेलर बंद केला. रात्री दोनदा तरी उठते पण सहन करते. आईचा दमा बाळाला जाईल का? (नाशिक)

उत्तर: हे पत्र वाचून मी तुमच्या पत्त्यावर आधी फोन नंबर शोधला, नव्हता. हा अंक हातात येईपर्यंत थांबला असाल तर आज संध्याकाळपर्यंत तुमच्या डॉक्टरना भेटा आणि इनहेलर परत सुरू करा.

तुम्ही रात्री दोनदा उठता तेव्हा तुम्हाला हवा कमी पडते आणि तुमच्यापेक्षा आधी बाळाला. दमा मोकाट सुटलेल्या गरोदरपणात बीपी वाढणं, दिवस भरायच्या आधी बाळंत होणं, बाळ हलकं राहणं हे सगळं जास्त होतं, म्हणजे बाळाला वाचवायला जे केलं त्यानेच धोका ओढवतोय. इनहेलरमधलं स्टेरॉइड अगदी सूक्ष्म डोसमध्ये थेट नळ्यांत जातं, रक्तात फार थोडं उतरतं, आणि त्यातल्या ब्युडेसोनाइडबद्दल गरोदर बायकांतला अनुभव इतका मोठा आहे की डॉक्टर सहसा तेच निवडतात. साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा पोटुशेपणी वाढतो, एक तृतीयांशांचा कमी होतो, उरलेल्यांचा आहे तसा राहतो, तुमचा कुठल्या गटात ते सांगता येत नाही म्हणून दर महिन्याला दाखवायचं.

बाळाला जाईल का? शक्यता वाढते, हो, आईचा दमा ही त्यातली एक पक्की गोष्ट आहे. पण ते तुम्ही 'दिलं' असं होत नाही, नाक कुणाचं येईल हे तुम्ही ठरवलंत का? आणि ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यायचं नाही असं कुणी सांगितलं असेल तर तेही ऐकू नका. पॅरासिटामॉल आणि पोरांचा दमा असा संबंध काही अभ्यासांत आला, पण गोळी घेणारी आई तापाने, इन्फेक्शनने आजारी होती म्हणूनच घेत होती, दोष तापाचा की गोळीचा ते वेगळं होत नाही. गरज असेल तेव्हा, लागेल तेवढीच, डॉक्टरना विचारून.

प्रश्न: आम्ही कॅनडात असतो, बायको सहाव्या महिन्यात आहे. इथे एकाने फिश ऑइल आणि व्हिटॅमिन डीने मुलाचा दमा टळतो असं सांगितलं. गावची आई म्हणते बांगडा खा. (मूळचे रत्नागिरीचे)

उत्तर: आईचं ऐका. डेन्मार्कमध्ये गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत रोज २.४ ग्रॅम ओमेगा-३, म्हणजे फिश ऑइलमधलं मुख्य सत्त्व, दिलं, २०१६ला निकाल आला, मुलांतला दमा आणि सततची घरघर १०० पैकी साधारण २४ वरून १७ वर आली, आणि फायदा मुख्यतः अशा आयांच्या मुलांना झाला ज्यांच्या रक्तात ते आधीच कमी होतं. बांगडा-तारली आठवड्यातून दोनदा खाणारी रत्नागिरीकरीण त्या गटात सहसा बसत नाही, तिकडे थंडीत मासळी सुटली असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टरना विचारून घ्या. व्हिटॅमिन डी हाडांसाठी घ्याच, दम्यावर तेव्हाच्याच दोन मोठ्या प्रयोगांत एकेकट्याने पक्कं काही सिद्ध झालं नाही.

प्रश्न: पहिलं सीझर, आता दुसरं सीझरच आहे. गुरुजींनी ३७ आठवडे आणि दोन दिवसांवरचा मुहूर्त काढून दिलाय, नक्षत्र फार चांगलं आहे. पण सीझरच्या मुलांना दमा जास्त होतो हे वाचलं म्हणून बायको रडतेय. (ठाणे)

उत्तर: बायकोला सांगा रडण्यासारखं नाहीये. होतो थोडा जास्त, बरेच अभ्यास एकत्र केले तर धोका साधारण एक-पंचमांशाने वाढतो असं दिसतं. ही वाढ किती ते स्कॉटलंडच्या आकड्यांत बघा, दम्यासाठी हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागलेली मुलं नॉर्मल डिलिव्हरीत १०००ला ३४, ठरवून केलेल्या पहिल्या सीझरमध्ये ३७. तीनचा फरक, आणि तोही सगळा सीझरचाच असेल असं नाही. भारतात २०१९-२१च्या पाहणीत १०० पैकी २१ बाळंतपणं सीझरने झाली होती, सगळ्याच पोरांच्या छात्या वाजत नाहीत.

मला खटकतोय तो मुहूर्त. कळा सुरू होतात तेव्हा बाळाच्या अंगात असे काही हार्मोन उसळतात की फुप्फुसातलं पाणी शोषलं जायला लागतं. कळांशिवाय, आणि तेही ३७व्या आठवड्यात बाहेर काढलं तर पाणी छातीत राहतं, बाळ पहिले एक-दोन दिवस धापा टाकतं, पेटीत जातं, आणि जन्मतःच असं धापललेल्या बाळांत पुढे घरघर थोडी जास्त दिसते. आईला किंवा बाळाला काही धोका असेल आणि डॉक्टरच लवकर म्हणत असतील तर एक दिवस थांबू नका. पण निव्वळ नक्षत्रासाठी घाई असेल तर गुरुजींना परत फोन लावा, त्यांना सांगा ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचा एखादा काढून द्या, पंचांगात त्या आठवड्यातही काहीतरी चांगलं निघतंच.